सेवा, मानधन, भाऊबीज: काळजी घेणाऱ्या बाईला पगार का नसतो?

(या भागाचं लिखित रूप. बोलतानाच्या अडखळी काढल्या आहेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलं आहे.)

बसमध्ये असाल, गाडीवर असाल तर आधी गाडी बाजूला घ्या, आणि भांडी घासताना ऐकत असाल तर फारच छान, कारण आजचा विषय तुमच्या हातातल्या त्या भांड्यांपासूनच सुरू होतो.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. मागच्या पावसाळ्यात आजी अंगणात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आजी घरी आली, आणि मग खरा प्रश्न उभा राहिला: आता हिच्याजवळ थांबणार कोण? मी आणि बाबा नोकरीवर. आई शिक्षिका. शेवटी ओळखीतून एक मावशी मिळाल्या. सकाळी आठ ते रात्री आठ. आजीला उठवणं, अंघोळ, बेडपॅन, औषधं, जेवण भरवणं, पाय चोळणं, सगळं. त्यांनी दिवसाचे पाचशे सांगितले. मी घासाघीस केली आणि साडेचारशेवर आणले. मला त्या वेळी मोठा तीर मारल्यासारखं वाटलं.

आठवड्याने आत्या गावाहून आजीला बघायला आली. आत्या म्हणजे आजीची लेक, आणि फुलंब्री तालुक्यातल्या एका गावात २००८ पासून आशा कार्यकर्ती. तिनं विचारलं, "बाई कितीला ठरविली रे?" मी म्हणालो, "पाचशे म्हणत होत्या, साडेचारशेवर आणलं." आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लई हुशार झालास. मला पण लोक असंच म्हणायचे. पैशाचं काय घेऊन बसली, पुण्याचं काम आहे."

ते वाक्य डोक्यातून जाईना. पुण्याचं काम. म्हणून आजचा भाग. काळजी घेण्याच्या कामाला आपण पैसे द्यायला का कचरतो, आणि इतके कमी पैसे मिळत असूनही बाया ते काम का करतात? उत्तर शोधायला जरा मागे जावं लागतं.

सुईणीचं लुगडं

जुन्या गावात बाळंतपण सुईण करायची. बहुतेक ठिकाणी हे काम दलित किंवा कारागीर जातींतल्या बायांकडे असायचं. नाळ कापणं, वार पुरणं, बाळंतिणीचे कपडे धुणं ही कामं 'विटाळाची', म्हणून ती वरच्या जातीतल्या बाईनं करायची नाहीत. मोबदला काय? धान्य, लुगडं-चोळी, पाचवीच्या दिवशी थोडा मान. रोख पैसे क्वचितच.

बघा हं, इथे एक गंमत आहे. एकच काम एका दिवशी मानाचं आणि दुसऱ्या दिवशी विटाळाचं. मान मिळतो तेव्हा पैसा मागायचा नाही, कारण मान मिळालाय. विटाळ असतो तेव्हा पैसा मागायचा नाही, कारण ते तुमचं जातीनं आलेलं कामच आहे. दोन्हीकडून दार बंद.

मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चित्र बदलायला लागलं. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर असलेले दत्तक पुत्र यशवंत यांनी शहराबाहेर, हडपसरच्या बाजूला रुग्णांसाठी सोय केली. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाईंनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शाळेतल्या भाषणांत आपण त्यांना पहिली शिक्षिका म्हणून ओळखतो. पण त्यांचं शेवटचं काम हे रुग्णसेवेचं होतं, आणि ज्यांना हात लावायला लोक घाबरत होते त्यांना हात लावण्याचं होतं.

त्यानंतर बारा वर्षांनी, १९०९ साली, रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन उभं राहिलं. तिथून मुली आणि विधवा ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्या काळात वरच्या जातीतल्या विधवेनं परपुरुषाच्या जखमा धुवायच्या, ही कल्पनाच लोकांना सहन होण्यासारखी नव्हती. मग ती पचली कशी? एका शब्दामुळे. सेवा. संस्थेच्या नावातच तो शब्द आहे. 'नोकरी करते' म्हटलं असतं तर घराण्याची अब्रू गेली असती. 'सेवा करते' म्हटलं की दार उघडलं. हजारो बायकांना त्या शब्दानं घराबाहेर काढलं, हातात कौशल्य दिलं, स्वतःची कमाई दिली.

पण त्या शब्दाची किंमतही होती. सेवेचा पगार मागायचा कसा?

श्रीमंत बापाची मुलगी

इथे जरा लंडनला जाऊन येऊ. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव तुम्ही ऐकलंय. दिवा घेतलेली बाई, त्यागाची मूर्ती. आता एक तपशील सांगतो जो त्या चित्रात दिसत नाही. १८५३ साली तिनं लंडनमधल्या एका रुग्णालयाची देखरेख पगाराशिवाय स्वीकारली. तिला ते परवडलं, कारण तिचे वडील तिला वर्षाला ५०० पौंड देत होते. त्या काळात ही मोठी रक्कम होती.

म्हणजे बिनपगारी सेवेच्या मागे कुणीतरी पैसे देणारा होताच. फक्त तो फोटोत नव्हता. आपण मात्र गोष्टीतला त्याग तेवढा उचलला आणि वडिलांचे ५०० पौंड विसरलो. मग तोच त्याग फुलंब्रीच्या बाईकडून मागायला लागलो, जिच्या वडिलांकडे दोन एकर कोरडवाहू होती.

पन्नास रुपये, शंभर रुपये

आता सरकार या गोष्टीत शिरतं.

२ ऑक्टोबर १९७५. देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, म्हणजे आपली अंगणवाडी. सुरुवातीला सेविकेला महिन्याला किती? मॅट्रिक झालेली असेल तर १५० रुपये, नसेल तर १००. मदतनीसला ३५. आणि त्याला पगार म्हणायचं नाही, 'मानधन' म्हणायचं.

बरोबर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७७ ला, गावागावात आरोग्यसेवक नेमण्याची केंद्राची योजना आली. महिन्याला ५० रुपये. त्यात निवडले गेलेले बहुतेक पुरुष होते. त्यांच्याकडून घराघरातल्या बाळंतिणींपर्यंत पोहोचणं जमणार कसं? ती योजना नावं बदलत बदलत विरून गेली.

याच काळात आपल्या मराठवाड्याच्या सीमेला लागून एक वेगळा प्रयोग चालू होता. जामखेड. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावात पाठवून बघितल्या, ते फारसं जमलं नाही. मग त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. अनेक दलित, अनेक निरक्षर, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांना दर आठवड्याला एकत्र बोलवून शिकवलं. पगार नव्हता, पण स्वतःच्या पायावर उभं राहायला छोट्या धंद्यांसाठी मदत होती. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडच्या या बायांना काम करायला कशानं बांधून ठेवलं? माझं वाचन असं सांगतं की ज्या बाईला गावात कुणी घरात घेत नव्हतं, तिला आता रात्री दोन वाजता बोलावणं यायचं. पाटलाच्या वाड्यातूनही. ही कमाई रुपयांत मोजता येत नाही, पण ती खरी कमाई आहे.

पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले: नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. सातवी-आठवी शिकलेली बाई, एक पिशवी, एक वजनकाटा, आणि इतका फरक.

तर देशासमोर पुरावा होता की गावातली बाई हे काम करू शकते. प्रश्न फक्त एवढाच होता की तिला म्हणायचं काय आणि द्यायचं किती.

आशा

१२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यातून आशा आली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक. त्याच गावची सून, विधवा किंवा परित्यक्ता, वय २५ ते ४५, शक्यतो आठवी पास. आणि कागदावर तिची ओळख: मानद स्वयंसेविका. पगार नाही. प्रत्येक कामामागे मोबदला.

आत्यानं फॉर्म का भरला? मी तिला या भागासाठी नीट बसवून विचारलं. मला वाटलं ती म्हणेल गावाची सेवा करायची होती. ती म्हणाली, "घराबाहेर पडायला कारण पाहिजे होतं."

नवरा गेल्यावर तिचं जग म्हणजे शेत, चूल आणि दीर. आशा झाल्यावर तिच्या हातात पिशवी आली, रजिस्टर आलं, फुलंब्रीला मीटिंगला जायचं कारण आलं, घाटीत बाळंतीण घेऊन यायचं कारण आलं. शहराबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, घाटी म्हणजे आमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. १९५६ पासूनचं. अख्ख्या मराठवाड्याचा शेवटचा आधार. आत्या म्हणते, "पहिल्यांदा घाटीच्या गेटातून आत गेले तेव्हा पाय लटलट कापायले होते. आता तिथले वॉचमन मला नावानं ओळखतात."

दुसरं कारण तिनं जरा लाजत सांगितलं. "पैसे. थोडे असले तरी माझ्या खात्यावर यायचे."

मग मी तिसरं कारण विचारलं, लोकांबद्दलची माया वगैरे. ती हसली. "माया नंतर आली. लेकरू हातात घेतल्यावर कुणाला माया येत नाही? पण माया येते म्हणून फुकट करायचं का?"

हे वाक्य लक्षात ठेवा. यावर अर्थशास्त्रज्ञ भांडलेत. येतोच त्यावर.

आधी हिशोब. २०११ साली घरी जाऊन नवजात बाळाला तपासण्याची योजना देशभर आली, गडचिरोलीच्याच धर्तीवर. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी. दर भेटीत बाळाचं वजन, ताप, श्वास, आईचं दूध, आईची तब्येत, आणि फॉर्म भरणं. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की आशाला २५० रुपये. भागाकार करा. एका भेटीचे साधारण ४२ रुपये. आमच्या क्रांती चौकात दोन कटिंग चहा आणि एक वडापाव घेतला की संपले.

नर्सला कमी पगार दिला तर ती चांगली नर्स असते?

आता भांडण.

२००५ साली, म्हणजे आशा योजना आली त्याच वर्षी, अँथनी हेज नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं एक लेख लिहिला. त्याचा मुद्दा ढोबळमानानं असा: नर्सचा पगार वाढवला तर केवळ पैशासाठी येणाऱ्या बाया या पेशात येतील. पगार कमी ठेवला तर ज्यांना मनापासून ही ओढ आहे त्याच येतील. म्हणून कमी पगाराची नर्स ही चांगली नर्स.

ऐकायला पटतं ना? आपल्याकडे शिक्षकांबद्दल, पुजाऱ्यांबद्दल, कलाकारांबद्दल आपण हेच बोलतो.

पुढच्याच वर्षी ज्युली नेल्सन आणि नॅन्सी फोल्बर या दोन अर्थशास्त्रज्ञ बायकांनी उत्तर दिलं: चांगल्या पगाराची नर्स हीच जास्त चांगली नर्स. त्यांच्या बाजूचा मुद्दा माझ्या भाषेत सांगतो. ओढ आणि गरज या एकाच बाईत एकत्र असतात. जिला ओढ आहे तिलाही घरभाडं आहे. पगार फार कमी ठेवला तर ओढ असलेली पण घर चालवायची जबाबदारी असलेली बाई निघून जाते. उरते कोण? जिला दुसरा पर्यायच नाही ती. पर्याय नसणं आणि ओढ असणं यातला फरक बाहेरून दिसत नाही. दोघीही रोज कामावर येतात.

फोल्बर यांनी आणखी एक गोष्ट मांडली. काळजी घेणारी बाई मायेची कैदी होते. कारखान्यातला कामगार यंत्र बंद करून संपावर जाऊ शकतो, यंत्राला काही वाटत नाही. पण म्हातारी माणसं, लेकरं, बाळंतिणी यांना सोडून संपावर जायचं कसं? जितकी माया जास्त, तितकी तिची सौदा करायची ताकद कमी. मी आमच्या मावशींशी घासाघीस केली तेव्हा हेच घडलं होतं. पहिला दिवस आजीसोबत काढून झाल्यावर मी पैशाचं बोललो होतो. आजीनं तोवर त्यांचा हात धरून ठेवला होता.

आणि घरातलं काम तर हिशोबातच येत नाही. शंभर वर्षांपूर्वी पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं ही विसंगती दाखवली होती: एखाद्यानं आपल्या घरी कामाला असलेल्या बाईशी लग्न केलं, तर काम तेच राहतं पण देशाचं उत्पन्न कमी होतं, कारण आता तिला पगार नाही. आपल्या सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. घरच्यांची काळजी घेण्यात बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. आणि पुरुषांचे आकडे फक्त अशांचे आहेत जे हे काम मुळात करतात. बरेच जण करतच नाहीत. मीही त्यातच होतो.

संप

मग या मायेच्या कैद्यांनी संप केला का? केला. वारंवार.

कोरोनात आशांनी घरोघरी फिरून सर्व्हे केले, ताप मोजला, ऑक्सिजन मोजला. केंद्राकडून त्या कामाचे महिन्याला १,००० रुपये. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा राज्यानं १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या परत संपावर. आश्वासन मिळालं, पण लेखी आदेश निघेना. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप, मग मुंबईत आझाद मैदानावर ठिय्या. मार्च २०२४ मध्ये अखेर महिन्याला ५,००० रुपये वाढीचा निर्णय झाला, नोव्हेंबर २०२३ पासून लागू.

आत्या आझाद मैदानावर गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा मुंबई पाहिली ती अशी. पण संपाच्या काळातली एक गोष्ट ती कुणाला फारशी सांगत नाही. गावातल्या एका पोरीला मध्यरात्री कळा आल्या. पहिलटकरीण. आत्या संपावर होती. फोन वाजला. ती उठली, गाडी बोलावली आणि तिला घेऊन आली. "नोंद केली नाही," ती म्हणाली. "नोंद केली असती तर संप मोडला असता. नोंद नाही म्हणजे पैसे पण नाहीत."

मी विचारलं, वाईट वाटलं? तर म्हणाली, "पोरीचं नाही वाटलं. पण त्यांना माहीत आहे ना की आम्ही उठणारच. त्याचं वाटलं."

मला वाटतं अख्खं अर्थशास्त्र या वाक्यात आहे. ती उठणार, हे व्यवस्थेला माहीत आहे. त्याच भरवशावर ४२ रुपयांची योजना आखता येते.

अंगणवाडी सेविकांचंही तसंच. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की त्या सरकारी पदावर नाहीत. २०१३ मध्ये भारतीय श्रम परिषदेनं शिफारस केली की योजनांवर काम करणाऱ्या या सगळ्या बायांना कामगार माना. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. हळूहळू सरकतंय. पण शब्द अजून तेच आहेत. सेविका. मदतनीस. मानधन. आणि दिवाळीला त्यांना जी रक्कम मिळते तिचं नाव माहितीये? भाऊबीज.

कारखान्यात दिवाळीला बोनस मिळतो. बोनससाठी भांडता येतं, त्याचा कायदा आहे. भाऊबीज भावाच्या मर्जीची असते. ताटात काय पडलं ते बहीण मोजत नाही.

साडेचारशे

आता परत आमच्या घरी.

आत्या परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मावशींना सांगितलं, पाचशेच घ्या, मागच्या दिवसांचा फरक पण देतो, आणि रविवारी सुट्टी. त्यांनी संशयानं बघितलं. "का? काही चुकलं का माझं?" त्यांना वाटलं मी त्यांना काढणार आहे आणि त्याआधी हिशोब पुरा करतोय.

मग पहिल्यांदाच आम्ही दोघं चहा घेत बसलो. त्यांच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली आहे. बारा तास त्या आमच्या आजीजवळ असतात तेव्हा त्यांच्या सासूजवळ कोण असतं? त्यांची मुलगी. दहावीला आहे. सकाळी सासूचं करून शाळेत जाते, दुपारी धावत घरी येते. तिला कुणी पैसे देत नाही, मानधनही नाही, भाऊबीजही नाही.

म्हणजे आमच्या आजीची काळजी शेवटी कोण करतंय? एक पंधरा वर्षांची मुलगी, जिचं नाव मला तोपर्यंत माहीतही नव्हतं. पन्नास रुपये वाढवून हे सुटत नाही, हे मला कळतं. त्यासाठी सरकारी सोय हवी, कामगार म्हणून नोंद हवी, म्हाताऱ्यांसाठी काहीतरी व्यवस्था हवी. पण पन्नास रुपये कापून आपण ते आणखी कुणाच्या डोक्यावर ढकलतो, हेही कळतं.

आता रविवारी मावशींना सुट्टी असते आणि आजीचं मी करतो. पहिल्या रविवारी बेडपॅन द्यायला मला वीस मिनिटं लागली आणि चादर बदलावी लागली. आजी लाजेनं रडली, मीही घामाघूम. मावशी हे काम दोन मिनिटांत करतात, तेही आजीशी गप्पा मारत. त्याला मी इतके दिवस 'साधं काम' म्हणत होतो.

तर या आठवड्यात एक करा. तुमच्या घरात, शेजारी, गावात जी कुणी काळजी घेते, आई, मावशी, आशाताई, सेविका, तिला दोन प्रश्न विचारा. तुम्ही हे का करता? आणि तुम्हाला किती मिळायला हवं? दुसरा प्रश्न विचारल्यावर ती हसली किंवा 'असू दे' म्हणाली, तर लगेच विषय बदलू नका. जरा थांबा. आकडा येईपर्यंत थांबा.

आत्यानं तिचा आकडा मला सांगितला. फार मोठा नव्हता. भेटू पुढच्या भागात.